गुरुवारचा मामा

रामेश्वर पहिल्यांदा आला तेव्हा आकांक्षा टेबलाखाली होती. जुन्या जालन्यातल्या बालसमुपदेशन केंद्रात सांडलेले मणी ती रांगत गोळा करत होती. चार वर्षांच्या भाचीला कडेवर घेऊन दारात उभा असलेला हा उंच माणूस म्हणाला, “मॅडम कुठं गेल्या?”

“मॅडम टेबलाखाली आहेत,” ती म्हणाली... आणि उठताना डोकं आपटून घेतलं. तो हसला नाही. हसू दाबताना त्याचे किती हाल झाले, ते मात्र तिला स्पष्ट दिसलं.

भाचीचं नाव कौशी. आई वारली आणि तेव्हापासून, तीन महिने, पोर एक शब्द बोलली नव्हती. आई गावाला गेलीय, असं घरच्यांनी तिला सांगितलं होतं. मग ती वाटूरच्या फाट्यावर बसून येणारी प्रत्येक एसटी न्याहाळायची.

“तिला खरं सांगा, साध्या शब्दांत,” आकांक्षा म्हणाली. “आणि रोज अर्धा तास खेळा. खेळ तिनं ठरवायचा.”

पुढच्या गुरुवारी तो आला तो दहाही नखं गुलाबी रंगवून.

“सांगितलं. लई रडली. माझी माय बी रडली, मी बी रडलो,” तो म्हणाला. मग हात मागे लपवत, “अन् हा तिचा खेळ. कंपनीत समदे हसून राह्यले.”

तेवढ्यावर आकांक्षा विरघळली. अर्थात, कबूल कोण करतंय!

गुरुवार येत गेले.

“आज टेबलाखाली न्हाई?”

“तुम्ही येणार म्हणून वर आले.”

पण “बोलली का?” असं विचारलं, की तो खिडकीबाहेर बघत “न्हाई अजून” म्हणायचा. आकांक्षाची झोप उडाली. आपलंच काही चुकतंय, असं वाटून शेवटी तिने संभाजीनगरच्या मोठ्या डॉक्टरांच्या नावे चिठ्ठी लिहिली.

ती चिठ्ठी रामेश्वरच्या हातात देत असतानाच, बाहुलीची वेणी घालणारी कौशी मान वर न करता म्हणाली, “मी बोलते की. मामा आजीला म्हणला, मॅडमला कळलं तर इथं यायचं बंद होईल.”

रामेश्वरचे कान लाल झाले.

“कधीपासून?” आकांक्षाने विचारलं.

“पंधरा दिवस झाले. चुकलं माझं, बिलकुल चुकलं. पण गुरुवार जाईल म्हणून... जीभच रेटली न्हाई.”

तिला भयंकर राग आला, आणि त्या रागातच डोळे भरून आले. पोर बोलली होती!

“पुढच्या आठवड्यापासून कौशीला शेजारच्या खोलीतल्या साधनाताई बघतील,” ती म्हणाली. “मी नाही.”

“एवढा राग?”

“राग आहेच. पण कारण ते नाही. ज्या घरचं लेकरू माझ्याकडे येतं, त्या घरच्या माणसावर जीव जडू द्यायचा नाही, असा आमचा नियम आहे—” ती अडखळली. “आणि तो माझ्याकडून केव्हाच मोडलाय.”

रामेश्वरचे ओठ हलले, पण शब्द फुटेना.

कौशीने त्याच्या शर्टाचं टोक ओढलं.

“मामा,” ती म्हणाली, “बोल की आता.”