‘कडी’चा एकमेव प्रयोग

त्या संध्याकाळी हॉलमध्ये सत्तरेक माणसं होती. त्यातल्या कुणालाही विचारा. ती टकटक सगळ्यांनी ऐकली.

मी एकटीनंच ऐकली असती, तर भास समजून गप्प बसले असते. इथे लिहिलंच नसतं.

मागच्या जानेवारीतली गोष्ट. नाशिकमध्ये, गंगापूर रोडच्या आतल्या बाजूला असलेलं एक छोटं नाट्यगृह.

मी झेबा. मूळची येवल्याची, नोकरीमुळे नाशिकरोडला राहते. अबरार माझा मोठा भाऊ. नाटकं लिहायचा. मराठीत.

आमच्या घरी पैठणीचा माग. अब्बांचं सगळं आयुष्य त्या मागावर गेलं. भाईनं कॉलेजात असताना पहिली एकांकिका लिहिली, तीही मागावरचीच. ‘धोटा’. तिला बक्षीस मिळालं, पेपरात फोटो आला. अब्बा तो पेपर घेऊन गल्लीभर फिरले होते.

मग ‘दोन नंबरचं क्वार्टर’ आलं.

एकलहऱ्याच्या वीज केंद्रात काम करणारे दोन पुरुष. एका क्वार्टरमध्ये राहतात. एकमेकांवर प्रेम करतात. बस, एवढंच नाटक. त्यात कुणी मरत नाही, कुणी जीव देत नाही. एक जण पाळीवरून थकून येतो आणि दुसरा त्याच्यासाठी चहा टाकतो. तेवढं बघताना बाया डोळे पुसायच्या.

त्या नाटकानं भाईचं नाव पुण्या-साताऱ्यापर्यंत गेलं.

कुणीतरी मुलाखतीत विचारलं, “हे तुम्हाला सुचलं कसं?”

भाई म्हणाला, “सुचलं नाही. मी असाच राहतो. सार्थकबरोबर.”

येवल्यात ती बातमी पोचायला वेळ लागला नाही.

भाई घरी आला, तेव्हा अब्बा मागावरून उठले आणि त्यांनी दार लावून घेतलं. भाई ओट्यावर बसून राहिला. अंधार पडला, तसा उठून एसटी स्टँडवर गेला. पुन्हा कधी आला नाही.

पण लिहीत राहिला. सटाण्याच्या बाजारातल्या कांदेवालीवर अहिराणीत एक नाटक लिहिलं. हॉलवाले तारीख द्यायला टाळाटाळ करायला लागले, तेव्हा गच्चीवर प्रयोग केले, मंगल कार्यालयात केले. प्रत्येक वेळी लाइट सांभाळायला सार्थक असायचाच. मी लपूनछपून सगळी नाटकं पाहिली.

अब्बांनी एकही पाहिलं नाही.

शेवटचं नाटक ‘कडी’. स्टेजवर एक म्हातारा बाप आणि एक बंद दार. दाराबाहेर मुलगा. तो बोलत राहतो, बाप आतून उत्तरं देतो. पण कडी काढत नाही. शेवटी मुलगा निघून जातो. मुलगा दिसतच नाही, फक्त ऐकू येतो. तो आवाज भाई स्वतः देणार होता.

तालमी सुरू व्हायच्या आधीच तो गेला.

डेंग्यू झाला होता. सार्थकनं दवाखान्यात नेलं, रात्रंदिवस उशाशी बसला. आम्ही पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. अब्बा मय्यत येवल्याला घेऊन आले. सार्थक मागोमाग कब्रस्तानापर्यंत आला. त्यालाही मूठभर माती द्यायची होती.

अब्बा फाटकातच आडवे उभे राहिले.

“दोस्तांचं काम झालं आता,” ते म्हणाले. “इथून पुढं घरच्यांचं.”

सार्थक मागे सरला, रस्ता ओलांडून पलीकडे गेला. माती देऊन सगळे बाहेर आले, तेव्हाही तो तिथं उभाच होता.

‘कडी’ करायचं त्यानंच ठरवलं. बापाचं काम गेणूकाकांकडे होतं, नाशिकमधले जुने नट. मुलाच्या आवाजाला माणूस शोधू, असं मी सुचवलं.

सार्थक म्हणाला, “नको ताई. अबरारच्या वाक्यांच्या जागी शांतता ठेवू. गेणूकाका त्या शांततेला उत्तर देतील.”

तालमी दुपारी व्हायच्या. स्टेजच्या मधोमध नुसती चौकट आणि दार. मागे काळा पडदा.

पहिल्या एक-दोन तालमी नीट झाल्या.

मग गेणूकाका घुटमळायला लागले. उत्तर द्यायच्या आधी मान तिरकी करून थांबायचे. कधी थोडं, कधी खूप.

सार्थकनं विचारलं, “काका, एवढं का थांबताय?”

“त्याचं बोलणं संपायला नको का?” काका म्हणाले.

आम्ही सगळ्यांनी दाराकडे पाहिलं.

काकांनाही आपण काय बोललो ते मग कळलं. त्यांनी पाणी मागितलं.

दुसऱ्या दिवशी मी एकटीच लवकर पोचले. हॉल रिकामा. मी पहिल्या रांगेत जाऊन बसले.

आणि दारामागे... कुणीतरी खाकरलं.

भाईला धुळीचा त्रास होता. प्रयोगाआधी विंगेत उभा राहून तो असाच घसा साफ करायचा.

“भाई?” मी म्हणाले.

काहीच नाही.

मी उठून दाराच्या मागे गेले. पडदा होता. पडद्याला लागूनच भिंत. माणूस उभा राहील एवढी जागाच नव्हती.

मला भीती वाटली नाही. खरं सांगते, रडू आलं. मी तिथंच खाली बसून रडले.

प्रयोगाचं अब्बांना सांगितलं होतं. “मला काय करायचंय तिथं,” म्हणून त्यांनी फोन ठेवून दिला होता.

पण तिसरी घंटा झाली आणि बाजूच्या दारातून अब्बा आत आले. डोक्यावर टोपी, हातात कापडी पिशवी. एकटेच एसटीनं आले होते. माझ्याकडे न बघता शेवटच्या रांगेत कडेला बसले.

नाटक सुरू झालं. गेणूकाका बोलत होते, थांबत होते, पुन्हा बोलत होते. सगळा हॉल त्या मधल्या शांततेकडे कान देऊन बसला होता.

मग बापाचं ते वाक्य आलं.

“ह्या नावाचं इथं कुणी राहत नाही.”

शांतता...

टक... टक.

माझ्या शेजारच्या बाई दचकल्या. मी विंगेत पाहिलं. सार्थक लाइटच्या बोर्डापाशी उभा होता, दोन्ही हात बोर्डावर. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

नाटकात टकटक नव्हतीच. तशी सोयच केली नव्हती.

टक... टक.

या वेळी दार हललं. कडी खुळखुळली.

गेणूकाका मागे सरकले. पुढचं वाक्य त्यांना आठवेना.

तेवढ्यात मागून चपलांचा आवाज आला. अब्बा उठले होते. मधल्या वाटेनं चालत आले, बाजूच्या पायऱ्या चढून स्टेजवर गेले. कुणी अडवलं नाही. लोकांना ते नाटकातलेच वाटले असतील.

अब्बांनी कडी काढली.

दार उघडलं.

मी समोरच बसले होते. मला फक्त काळा पडदा दिसला. शपथेवर सांगते, तिथं कुणी नव्हतं.

पण अब्बा कुणाच्या तरी चेहऱ्याकडे बघत होते. त्यांनी हात पुढे केला...

आणि तसाच अर्ध्यावर थांबवला.

कुणी काही विचारल्यावर आपण ऐकून घेतो ना, तसं त्यांनी ऐकून घेतलं. मग हळूच म्हणाले, “है... अंदर है.”

आणि वाट देण्यासाठी बाजूला झाले.

त्या क्षणी स्टेजवरचे सगळे लाइट गेले.

हॉलमध्ये टाळ्या सुरू झाल्या. लोकांना वाटलं, हाच शेवट.

मी धावत विंगेत गेले. सार्थक जमिनीवर बसला होता. डोळे मिटलेले. चेहरा वर केलेला, जणू कुणी तो दोन्ही हातांत धरलाय. बोर्डावरची सगळी बटणं अजून चालूच होती.

मी त्याला हाक मारली नाही. मागे फिरले.

येवल्याच्या गाडीत मी अब्बांबरोबर बसले. निफाड गेलं, विंचूर गेलं, अब्बा पिशवी मांडीवर धरून बसले होते. शेवटी मीच विचारलं.

“अब्बा, कोण होतं?”

“अबरार.”

“काय म्हणाला?”

अब्बा खिडकीकडे वळले.

“माझ्याकडे बघितलं त्यानं. नीट बघितलं,” अब्बा म्हणाले. “आणि विचारलं... चाचा, सार्थक है क्या अंदर?”

“चाचा?” मी म्हणाले.

“मेरेको चाचा बोला, बेटी.” अब्बांचा आवाज फुटला. “जैसे रस्ते का कोई आदमी.”

मेलेल्यांना असं विसरायला होतं का? की भाईनं मुद्दाम केलं? मुद्दाम कुणाला दुखवणारा नव्हता तो. म्हणूनच मला जास्त भीती वाटते.

‘कडी’चा प्रयोग नंतर कुणी केला नाही. गेणूकाका तो विषय काढू देत नाहीत. सार्थकला मी त्या दिवसाबद्दल विचारलेलं नाही.

पण अब्बा प्रत्येक फोनवर मला विचारतात. माग बंद असतो, मागे अगदी शांत असतं, आणि ते हळू आवाजात तेच विचारतात.

“बेटी, मी कोण आहे ते त्याला सांगायला पाहिजे होतं का?”