घरातल्या सगळ्यांनी, एकाच संध्याकाळी

"ही पाण्याची बाटली कुणाची?"

सिस्टरनं वॉर्डातल्या फ्रिजचं दार उघडून विचारलं, आणि फ्रिजच्या मागून एक डोकं वर आलं. केसांत जळमटं, गालावर काळा डाग, आणि वर हसू!

"माझी. गार होतंय की नाही ते बघायला ठेवली होती."

"इथं इन्शुलिन ठेवतात. तुमच्या बाटल्या ठेवायला हे काय घर आहे?"

"बरं, बाटली काढतो. पण तुम्ही दार लावा. गारवा बाहेर चाललाय, आणि तुम्ही ओरडलात की कॉम्प्रेसर दचकतो."

आता खरं तर तिनं चिडायला हवं होतं. पण हसू आलं, आणि एकदा हसू आलं की रागाचा काय उपयोग? तिनं उगाचच आवाज कडक केला आणि इन्शुलिनची खोकी मागच्या गार भिंतीपासून पुढं ओढली. "इथं चिकटून ठेवायची नाहीत. इन्शुलिन एकदा गोठलं की संपलं. वितळलं तरी कामाचं राहत नाही."

"माणसांचं बरं असतं," फ्रिजवाला स्क्रू पिळत म्हणाला. "वितळली की कामाला येतात."

"सगळीच नाही."

"तुम्ही?"

ती इंजेक्शनचा ट्रे घेऊन निघून गेली. पण दारातून एकदा मागं वळून बघितलंच... आणि तो बघतच होता.

त्यानंतर त्या फ्रिजला काय झालं कोण जाणे, तो सारखा बिघडायला लागला. कधी रबर सैल, कधी आवाज जास्त, कधी नुसतंच "सहज बघून जातो". वॉर्डातले पेशंटसुद्धा एकमेकांना कोपरानं ढोसत. हळूहळू 'तुम्ही'चं 'तू' झालं, आणि फ्रिजची तपासणी हॉस्पिटलच्या धोबीखान्यामागच्या बाकापर्यंत लांबली. पत्र्यावरून पावसाचं पाणी ठिबकत असायचं, आतून गरम चादरींचा वास यायचा. त्यानं तिचा हात हातात घेतला, आणि दोघांनाही तो सोडवेना. भिजलेल्या झुडपांकडे बघत कितीतरी वेळ तशीच बसून राहिली.

इथवर सगळं गोडगोड. पण पुढं आली खरूज.

हो, खरूजच! नुसतं नाव काढलं तरी अंग खाजतं. एका म्हाताऱ्या पेशंटला कूस बदलायला मदत करताना सिस्टरनं घाईत हातमोजे घातले नाहीत, आणि ती खरूज तिच्याबरोबर घरी आली. आई खाजवायला लागली, बाबा खाजवायला लागले. नर्सच्या घरात ही तऱ्हा! सिस्टर त्वचेच्या ओपीडीतून मलम घेऊन आली. मानेपासून तळपायापर्यंत लावायचं, बोटांच्या बेचक्यांत, नखांखाली सुद्धा. सकाळी अंघोळ. कपडे, चादरी गरम पाण्यात. आठवड्यानं पुन्हा एकदा. आणि मुख्य म्हणजे घरातल्या सगळ्यांनी, एकाच संध्याकाळी.

"मुलगी नर्स झाली म्हणून आम्हाला ही शिक्षा," बाबा पोटऱ्यांना मलम चोळत म्हणाले.

फ्रिजवाल्याला मात्र तिनं सांगितलं नाही. ज्याचा हात इतका वेळ धरला त्यालाही मलम लावायला हवं, हे तिला पाठ होतं. पहिल्यांदा लागण झाली की खाज सुटायला चांगले महिनाभर लागतात, तोवर माणूस वरून ठणठणीत दिसतो, हेही पाठ होतं. पण आवडत्या माणसाला कसं सांगायचं, मला खरूज झालीय म्हणून? लाज आडवी आली. त्याला काही झालेलं दिसत नाही ना, मग कशाला उगाच, असं म्हणून तिनं मनाची समजूत घातली.

थोडे दिवस बरे गेले. मग तो बदलला. हात खिशातून बाहेर काढेना. बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसायला लागला. तिनं जवळ सरकावं, त्यानं उठून उभं राहावं. पुढं पुढं तर यायचाच बंद झाला. फ्रिज आपला मजेत घुमत होता, आणि सिस्टर चादरींच्या खोलीत दार लावून रडत होती. गोठला, संपला, असंच तिला वाटलं.

त्यात घरात पुन्हा खाज सुरू! बाबांना मधुमेह. त्यांनी खाजवून खाजवून नडगीवर जखम करून घेतली आणि तिच्यात पू झाला. अँटिबायोटिक सुरू करावं लागलं. "तुझ्या त्या मलमात काही राम नाही," आई वैतागून म्हणाली. रोज जखम बांधताना सिस्टर त्यांच्या पायाची बोटं एकेक करून तपासायची. मधुमेहात पायाची जखम कुठवर जाऊ शकते, हे तिला घरात सगळ्यांपेक्षा जास्त माहीत होतं.

ती त्वचेच्या ओपीडीतल्या मोठ्या सिस्टरांकडे गेली.

"मलम बरोबर आहे," मोठ्या सिस्टर चष्म्यावरून बघत म्हणाल्या. "माणूस राहिलाय. कोण?"

"कोणी नाही... म्हणजे, एकाशी नुसता हात मिळवला होता."

"हात मिळवून खरूज सहसा होत नाही, पोरी. त्यासाठी हात बराच वेळ हातात राहावा लागतो."

सिस्टर कानापर्यंत लाल झाली.

"तुमच्या वॉर्डातला फ्रिज बिघडायचा थांबला तेव्हाच काहीतरी बिनसलंय हे माझ्या लक्षात आलं होतं," मोठ्या सिस्टर म्हणाल्या, आणि मग गंभीर झाल्या. "त्याला सांग. घरीही सांग. एक जण वगळलास तरी हे असंच फिरत राहणार. आणि फटका बसतोय तुझ्या बाबांना."

संध्याकाळी ती त्याच्या दुकानात गेली. रिकाम्या फ्रिजांच्या गर्दीत तो जाड हातमोजे घालून बसला होता.

"इकडे कुठं वाट चुकलात, सिस्टर?" पुन्हा 'तुम्ही'! ती सरळ त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"हातमोजे काढ."

"कामात आहे."

"काढ म्हणते ना!"

त्यानं मान खाली घालून काढले. बोटांच्या बेचक्या लालभडक, मनगटं ओरबाडलेली.

"मलम लावतोय," तो पुटपुटला. "मेडिकलवाल्यानं दिलंय. आधी बरं वाटलं, मग दुप्पट वाढलं."

तिनं ट्यूब बघितली आणि कपाळावर हात मारला. "अरे, हे स्टेरॉइड आहे! यानं नुसती खाज दबते. किडा मरत नाही, आत त्याचा संसार वाढतो. आणि हे लपवायला म्हणून तू...?"

"मग काय करू?" तो एकदम बोलून गेला. "वाटलं, कुठल्यातरी भंगारातून लागलंय. तुला लागलं तर? तू पेशंटना हात लावतेस, घरी बाबांना इन्शुलिन टोचतेस. म्हणून लांब राहिलो. सोपं नव्हतं ते..."

ती हसायला लागली, आणि हसता हसता रडायलाच लागली. "वेड्या, हे माझ्याकडून तुला लागलंय! मीच दिलं. आणि लाजेपायी सांगितलं नाही."

"तू दिलंस?"

"हो. चुकलं माझं. मला वाटलं तुझं मन उडालं."

"मन?" तो उलट्या खोक्यावर मटकन बसला, आणि त्यालाही हसू आवरेना. "अगं, एक हात सोडला तर माझं सगळं तुझ्यापाशीच होतं!"

इतक्या दिवसांत तिनं पहिल्यांदा मोकळा श्वास घेतला. पण घर अजून बाकी होतं.

बाबा स्टुलावर पाय ठेवून बसले होते, आई चादरींच्या घड्या करत होती. "बाबा," सिस्टर म्हणाली, "मलम लावायचा एक माणूस राहिला होता. म्हणून आपलं बरं होत नाही."

"कोण माणूस?"

"वॉर्डातला फ्रिज दुरुस्त करतो. मी त्याचा हात... आम्ही..."

आईच्या हातातली चादर तशीच राहिली. बाबांनी पट्टीकडे बघितलं, मग मुलीकडे. "म्हणजे माझा पाय सडायला आला आणि तू गप्प? रोग लपवणाऱ्या पेशंटना तूच रागावतेस ना?"

"तुम्ही रागवाल म्हणून..."

"रागावलोच आहे!"

"चुकलं, बाबा." तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. "पण आता लपवणार नाही. मला तो आवडतो."

बाबांनी पाय स्टुलावरून खाली घेतला. "कुठाय तो?"

"बाहेर. जिन्यात."

"अगं बाई, इतका वेळ?" आई दाराकडे धावलीच.

तो पावसात भिजलेला, हात पाठीशी बांधून आत आला.

"दाखव," बाबा म्हणाले. त्यानं हात पुढं केले. बाबांनी आपले हात शेजारी धरले. तेच लाल डाग, तेच ओरखडे. "हिचा हात धरलास. सोडायचा विचार आहे?"

"सोडून बघितला," तो म्हणाला. "जमलं नाही."

बाबांनी हुंकार दिला. टेबलावर मलमाच्या चार ट्यूबा होत्या. "काय नियम होता ग? घरातल्या सगळ्यांनी, एकाच संध्याकाळी. ना?"

"हो, बाबा."

त्यांनी एक ट्यूब त्याच्याकडे सरकवली. "मग घे तुझी. मानेपासून तळपायापर्यंत. आणि नखांखाली विसरू नकोस, मी विसरलो होतो."

त्यानं ट्यूब दोन्ही हातांनी घेतली. आईनं पदराला डोळे पुसले आणि म्हणाली, "आमचाही फ्रिज हल्ली गुरगुरतो हो. पुढच्या आठवड्यात मलमाच्या दुसऱ्या खेपेला येशील तेव्हा जेवायलाच ये."

"आणि तोवर हात लांब!" बाबा म्हणाले.

"बाबा, सकाळी अंघोळ झाली की चालतं..."

"मला चालत नाही!"

ती त्याला जिन्यापर्यंत सोडायला गेली. दोघं भिंतींना टेकून समोरासमोर उभी राहिली, हात पाठीमागं.

"तुझे बाबा मला घरातला म्हणाले ना?"

"मलमापुरतं."

"चालेल. तिथूनच सुरुवात करतो."

आतून आवाज आला, "हात लांब आहेत ना?"

"लांब आहेत, बाबा!" दोघं एकदमच ओरडली.