वीतभर उघडं कापड

उत्तर न दिलेलं एक पत्र भिंगकाकांच्या कपाटात चार वर्षं पडून होतं. थोरल्या बहिणीचं. पत्र तसं लहानच: ‘यंदा मागच्या अंगणातल्या उन्हाळ्याची पाच चित्रं काढायला घेतली आहेत. झाडाखाली खुर्चीत बसलेला तू हवास. येतोस की नाही, एवढंच कळव. नाही म्हणालास तर रिकामी खुर्ची काढीन. पण तुझं उत्तर येईपर्यंत त्या जागेला ब्रश लावणार नाही.’

एका शब्दाचं काम. पण काकांचं आयुष्यच एका शब्दासाठी दहा शब्द खोडण्यात गेलेलं. तरुणपणी दोघं भावंडं शेजारी शेजारी बसून चित्रं काढायची. तिने ते सोडलं नाही. यांनी सोडलं, आणि दुसऱ्यांच्या चित्रांवरचे तडे मोजायची नोकरी धरली. आता तिच्यासमोर तासन् तास बसायचं आणि तिने चित्रकाराच्या नजरेने आपल्याला न्याहाळायचं, हे त्यांना नकोसं वाटे. उद्या लिहू, परवा लिहू म्हणता इतके दिवस गेले की, उशीर का झाला हेच आधी लिहावं लागलं असतं. ते तर त्याहून अवघड.

आणि आता तीच पाच चित्रं उन्हाळी प्रदर्शनासाठी काका कामाला असलेल्या कलादालनात आली होती.

ती घेऊन भाची आली होती. मागच्या खोलीत दालनाच्या सुताराने वेष्टनं सोडली आणि चित्रं एकेक करून लांब टेबलावर ठेवली. काकांनी छोटा दिवा कडेला तिरपा धरला, भिंग डोळ्याला लावलं. उन्हाने पांढरी पडलेली भिंत, दोरीवरचे वाळून कडक झालेले कपडे, पत्र्याची बादली, झाडाखालची दाट सावली. सकाळपासून संध्याकाळपर्यंतच्या पाच वेळा. रंग कधीच वाळून घट्ट झाला होता. प्रत्येक चित्रात सावलीच्या मधोमध मात्र वीतभर जागा तशीच सोडलेली. नुसतं कापड.

“आई कशी आहे?” भिंगातून नजर न काढता काकांनी विचारलं.

“बरी आहे. दिसत मात्र काहीच नाही. दोन वर्षं झाली आता. पोस्टमन आला का, हे तेवढं रोज विचारते.” भाची टेबलाजवळ आली. “मामा, मी तिला काय सांगू?”

“डाव्या कोपऱ्यात बारीक ओरखडा आहे,” मामा म्हणाले आणि तेवढंच लिहून घेतलं.

“माणसांवरचे ओरखडे यांना विचारू नका हो,” सुतार म्हणाला. “यांचं भिंग चौकटीच्या आतच चालतं.”

दालनाची एक जुनी पद्धत होती. नवी चित्रं दोन दिवस भिंतीकडे तोंड करून ठेवायची. खोलीची हवा त्यांच्या अंगवळणी पडू द्यायची. आल्या दिवशीची नोंद शिसपेन्सिलीने करायची. तिसऱ्या दिवशी चित्र पुन्हा तपासून तीच नोंद शाईने गिरवायची आणि खाली सही. बत्तीस वर्षांत काकांची पेन्सिल आणि शाई एकदाही एकमेकींपासून ढळली नव्हती.

‘मधोमध वीतभर कापड उघडं,’ काकांनी पाचही कागदांवर लिहिलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी पहिलं चित्र फिरवलं. सावलीत खुर्ची होती.

साधी लाकडी खुर्ची, पाठीची एक पट्टी निखळलेली. काका कितीतरी वेळ बघत उभे राहिले. दुसऱ्या एखाद्याने आरडाओरडा केला असता. काकांना आधी लाज वाटली. म्हातारपण, दुसरं काय? परवा दिव्याची तिरीप डोळ्यावर आली असणार. त्यांनी खोडरबर घेतलं, पेन्सिलीची ओळ पुसली आणि शाईने लिहिलं, ‘रिकामी खुर्ची.’

दुसऱ्या चित्रात खुर्चीपुढे दोन पाय होते. डाव्या बुटाला नाडीऐवजी सुतळी. काकांनी खाली पाहिलं. त्यांची नाडी आज सकाळीच तुटली होती.

तीही ओळ त्यांनी पुसली आणि शाईने लिहिलं, ‘खुर्चीपुढे दोन पाय.’

तिसऱ्यात गुडघे आणि पोट. चौथ्यात वाकलेले खांदे, खिशाला पेन, मांडीवर पालथे ठेवलेले दोन हात. पाचव्यात, संध्याकाळच्या उन्हात, सगळा माणूस. फक्त चेहऱ्याच्या जागी उघडं कापड.

खोलीत रंगात मिसळायच्या जवसाच्या तेलाचा वास पसरला होता. काकांनी चित्रातल्या बाहीला अंगठा टेकवला. रंग ओला होता.

तेवढ्यात दालनाच्या मालकीणबाई आत आल्या. मागोमाग भाचीही. चित्रं कुठे टांगायची ते ठरवायला ती आली होती.

“हे कोणी काढलं?” भाचीने हळूच विचारलं. “मी गुंडाळली तेव्हा इथे काही नव्हतं.”

मालकीणबाईंनी टेबलावरचे कागद उचलले. “काही नव्हतं कसं? काकांच्या नोंदीत आहे की. रिकामी खुर्ची, मग पाय. शाईने लिहिलंय.” त्यांनी काकांकडे पाहिलं. “होतं ना, काका?”

पुसलेल्या ओळी कागदावर कुठेच दिसत नव्हत्या. आपलं काम काकांनी नेहमीसारखंच चोख केलं होतं.

“होतं,” ते म्हणाले. आपलाच आवाज त्यांना लांबून आल्यासारखा वाटला.

मालकीणबाई निघून गेल्या. भाची खुर्ची ओढून समोर बसली. रडली नाही की चिडली नाही.

“काल रात्री फोन केला तर आई म्हणाली, तो येऊन बसलाय. म्हटलं, कोण? तर म्हणे, बसलाय, पण मान वर करत नाही. चेहरा दिसल्याशिवाय कसा काढू?” ती मामांच्या हातांकडे बघत होती. “मामा, तिच्याकडे फार दिवस नाहीत. डॉक्टरांनी सांगितलंय. नाही म्हणा हवं तर. पण काहीतरी म्हणा.”

‘नाही’ म्हटलं तर काय होईल, याचा काकांनी विचार केला. चेहरा कदाचित कोराच राहील. खुर्ची कदाचित पुन्हा रिकामी होईल. सुटका होईल. मग त्यांना ती अंधारात डोळे उघडे ठेवून, हातात ब्रश धरून बसलेली दिसली. चार वर्षं ती थांबली होती, एका शब्दासाठी.

त्यांनी कागद ओढला. मसुदा केला नाही. लिहिलं, ‘ताई, येतो.’

खोडण्यासारखं त्यात काही नव्हतं.

“द्या, मी नेते,” भाची म्हणाली.

“नको. तिने पोस्टाने विचारलं होतं.”

त्यांनी पाकिटावर पत्ता लिहिला, तिकीट लावलं. मागे सुतार पाचवं चित्र उचलत होता.

“अरे,” तो म्हणाला, “हा चेहरा तर ओळखीचा वाटतोय.”

काकांनी वळून पाहिलं नाही.

रस्त्यावर दुपारचं कडक ऊन होतं. कोपऱ्यावरच्या पेटीपर्यंत साठ पावलं. आज ती चालताना दम लागला नाही, गुडघाही दुखला नाही. काहीच जाणवलं नाही.

पाकीट आत पडल्याचा आवाज आला.

हात पेटीतून मागे घेताना अंगठा पत्र्याच्या कडेला घासला. रक्त आलं नाही. सवयीने काकांनी खिशातलं भिंग काढलं आणि अंगठ्यावर धरलं. कातडीचा एक पापुद्रा निघाला होता. त्याखाली पांढरट, कोरं कापड होतं, अगदी घट्ट ताणलेलं.