लोरेन्सो पोमाचा हात

बसा, पण मधेमधे खिदळायचं नाही. ही गोष्ट फाउस्तो लारुताची, माझ्या आतेभावाची. जिवंत आहे अजून. खोटं वाटत असेल तर जाऊन विचारा, शिव्या खाल.

तीन वर्षांपूर्वीची, तेवीस जूनची रात्र, आपल्याकडची वर्षातली सगळ्यात थंड. फाउस्तो टेम्पो घेऊन ला पास शहराकडे निघाला होता. मागे एकच खोकं. त्यात टेकडीवरच्या दगडांखालून उकरून काढलेली हाडं, खांद्यापासून बोटांपर्यंत अख्खा उजवा हात. कुणाचा, ते गावातलं शेंबडं पोरही सांगेल. अडीचशे वर्षांपूर्वी आपल्या लोकांना घेऊन बंडखोर तुपाक कातारीने याच ला पासला, तेव्हाच्या स्पॅनिश गोऱ्यांच्या शहराला, वेढा घातला, तेव्हा आपल्या गावचा लोरेन्सो पोमा शिंग फुंकायला गेला होता. गोऱ्यांनी कातारीला चार घोड्यांना बांधून फाडला, आणि लोरेन्सोचा हात तोडून आपल्या गावच्या वाटेवर टांगला. बायकांनी रातोरात उतरवून टेकडीवर पुरला.

आता त्याच टेकडीवर ठेकेदाराला खाण हवी. गाव म्हणतं, हात आहे तोवर कुदळ लावू देणार नाही. मग ठेकेदाराने फाउस्तोला गाठलं. "हातच नसला तर भांडण कसलं? नेऊन टाक कुठेतरी. तुझ्या पोराला मशीनवर घेतो."

आणि हा हलकट हो म्हणाला! अरे, कातारीला तरी गोऱ्यांनी कसा पकडला? आपल्यातल्याच एकाने दगा देऊन हवाली केला. परक्यांना काय शिव्या घालायच्या?

सव्वाअकराला, चढ संपतो तिथे, रस्त्यात एक माणूस उभा दिसला. अंगावर घोंगडीसारखा जाड पोंचो, पाय अनवाणी. असल्या थंडीत माळावर कुणाला सोडून जात नाही आपण. फाउस्तोने गाडी थांबवली.

"बसा मामा. एवढ्या रात्री कुठे?"

"माझं सामान आणायला."

थोडं अंतर गेल्यावर त्या माणसाने चघळायला कोकाची पानं पुढे केली. एका हाताने! तोही डावा. पानं दोन्ही हातांनी द्यायची, दोन्ही हातांनी घ्यायची, हे आपण आईच्या पाठीवर असतानाच शिकतो. फाउस्तोचं मन आधीच त्याला खात होतं, त्यात हा अपमान. तो भडकला.

"काय हो मामा, आईबापांनी काही शिकवलं की नाही? दोन्ही हातांनी द्या की!"

"दुसरा तुझ्याकडे आहे."

फाउस्तोने वळून पाहिलं. पोंचोची उजवी बाजू... सपाट होती.

"मामा... मी..."

"तोडणाऱ्याला माझं नाव ठाऊक नव्हतं," तो माणूस म्हणाला. "तुला ठाऊक आहे."

ब्रेक दाबला. शेजारी कुणी नाही. दार बंद. काच बंद.

त्याने गाडी फिरवली. टेकडीवर जाऊन नुसत्या हातांनी दगड उपसले. नखं तुटली. रडत होता, माफी मागत होता. हात होता तिथे पुरला, आणि पहाटे चारला घरी येऊन पडला.

त्या रात्री माळावर साऱ्या गावाचे बटाटे गोठायला पसरले होते, वाळवून वर्षभर टिकवायचे म्हणून. प्रत्येक घराचा वेगळा पट्टा. ऊन चढलं, बटाटे सैल पडले, की मग आपण पायांनी तुडवून त्यांचं पाणी काढतो. उजाडायच्या आधी ते दगड असतात. पाय फुटेल, बटाटा फुटणार नाही.

उजाडताच बायका माळावर गेल्या आणि ओरडत परत आल्या.

बटाटे तुडवलेले. सगळे. गोठलेल्या दवावर अनवाणी पावलं... शेकडो. टेकडीवरून उतरलेली. परत चढलेलं एकही नाही. ठेकेदाराचा मशीनवाला टेकडी खणायला आला, त्याने ते पाहिलं आणि खाली न उतरताच निघून गेला. तो पुन्हा आलेला नाही.

चाळीस घरांच्या पट्ट्यांतून पावलं गेली होती. फक्त फाउस्तोच्या पट्ट्याला वळसा घालून. तो काठाशी उभा राहिला. बायकाही त्याला वळसा घालून आपापल्या पट्ट्यांकडे गेल्या.

दुपार झाली. माळावरचं सगळं दव वितळलं.

त्याचे बटाटे दगडच राहिले.