दर चार मिनिटांनी

सलग तिसरी पाळी संपत आली होती आणि ताईचा जीव मेटाकुटीला आला होता. चाचणी आटोपायची, कागदावर सही करायची आणि घरी जाऊन आडवं व्हायचं, एवढंच तिला हवं होतं. सही मात्र डोळे मिटून करण्यासारखी नव्हती. उद्या हाच अंतराळपोशाख घालून तिचा धाकटा भाऊ निर्वात कोठीत उतरणार होता.

पोशाखाच्या पाठीवर दोन डबे होते. एक डबा माणसाच्या उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड आणि ओल शोषायचा, तोवर दुसरा आपलं पोट बाहेर रिकामं करायचा. पहिला भरला की झडप फिरायची आणि टेबलावरच्या स्पीकरमध्ये टक् असं वाजायचं. झडप थांबली, तर आतला माणूस स्वतःच्याच श्वासात गुदमरणार.

अकरा वर्षं ही टक् ऐकून ऐकून, आत कोण आहे हे ताईला न बघता कळायचं. बाकीच्यांची झडप सहा मिनिटांनी फिरायची, धाकट्याची चार मिनिटांनी. कारण पोशाखात शिरला की त्याच्या तोंडाचा पट्टा सुरू. तोंडची वाफ दवडावी तर तुझ्यासारखी, असं ती त्याला चिडवायची.

आज पोशाख कोठीत रिकामाच टांगलेला होता. माणसाऐवजी एक यंत्र बाहेरून नळीने त्यात वाफ आणि वायू सोडत होतं. दुपारी तीनला तिने ते यंत्र बंद केलं, कोठीच्या भिंतीतली नळी काढली, तिथल्या तोंडाला बूच बसवलं. आता डब्यांना शोषायला काही उरलं नव्हतं.

टक्.

उरलासुरला वायू असेल, असं म्हणून ती कागद भरत राहिली. चार मिनिटांनी पुन्हा टक्. ती कुरकुरत उठली, बूच तपासलं. घट्ट होतं. पोशाखातली ओल दाखवणारा काटा मात्र चढत होता. आणखी चार मिनिटं गेली, पुन्हा टक्. ताईला भीती वाटली, अगदी लहानपणी वाटायची तशी.

तिने फोन करून धाकट्याला वर बोलावलं. तो दारात दिसला आणि तिचे डोळे भरून आले. उद्या तू यात शिरायचं नाहीस, मी सही करणार नाही, असं तिने सांगून टाकलं. तीन वर्षं तो या संधीची वाट बघत होता. भांडेल असं तिला वाटलं होतं, पण त्याने नुसती मान हलवली आणि कोठीच्या खिडकीपाशी जाऊन काचेला नाक लावलं.

ती काच कायम गार असायची. डोकावणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडची वाफ तिच्यावर धरायची आणि ताईला दिवसभर फडकं मारत बसावं लागायचं.

"आत कोणी नाही, ताई," तो काचेला ओठ टेकवून म्हणाला.

काच स्वच्छच राहिली.

आत, रिकाम्या पोशाखाच्या शिरस्त्राणावर आतल्या बाजूने धुकं धरलं होतं.

"बंद कर ते... घरी जाऊ." त्याचा हात झडपेच्या मुख्य बटणाकडे गेला.

टक्. या वेळी तीनच मिनिटं झाली होती.

तिने त्याचं मनगट धरलं. "थांब..."

"का?"

तिने खुर्ची ओढली, तो आणि बटण यांच्या मधोमध ठेवली आणि बसली. पाळी संपल्याचा भोंगा वाजला तरी ती उठली नाही. पुढची टक् दोन मिनिटांनी आली.