नवव्या कप्प्याची तक्रार

कप्पे आठच, मग हा नवव्याची तक्रार का करतोय? ओवी सकाळपासून पडद्यावरच्या त्या एका इशाऱ्यापाशी अडून बसली होती. चंद्रावरच्या वस्तीत शेतघराचा हवापंप आज वर्षभरानं पुन्हा सुरू व्हायचा होता. गेल्या वर्षी तो चुकला, तेव्हा आत तिचे बाबा होते.

पंपाचा प्रोग्रॅम आता तिची सरिताआत्या लिहायची. तिनं ओवीला समजावलं, की ॲरे म्हणजे ओळीनं मांडलेले कप्पे. शेतघराच्या खोल्या आठ, म्हणून कप्पेही आठ, प्रत्येकात एका खोलीच्या हवेचा दाब. पण प्रोग्रॅमची ही सी भाषा शून्यापासून मोजते, त्यामुळे शेवटचा कप्पा सात नंबरचा. कुणी आठ नंबर, म्हणजे नववा कप्पा मागितलाच, तर पंप शेजारचा भलताच आकडा उचलतो आणि त्यालाच हवेचा दाब समजतो. म्हणून कंपायलर (आपला प्रोग्रॅम वाचून यंत्राच्या भाषेत उतरवणारा) आधीच ओरडतो.

"पण आठ नंबर इथं येतच नाही," ओवी म्हणाली. वस्तीत आठ म्हणजे 'सगळ्या खोल्या' अशी खूण होती, आणि ती दुसऱ्या फाइलमध्ये आधीच बाजूला काढली जायची.

"ते तुला ठाऊक. त्या बिचाऱ्याला ही एकच फाइल दिसते."

म्हणजे इशारा खोटा होता. असे खोटे इशारे इतके यायचे, की लांडगा आला रे आला म्हणत सगळ्यांनी कानांत बोळे घातले होते. इशारा दिसला की त्याचं तोंड बंद करणारी एक ओळ लिहून मोकळं व्हायचं, ही वस्तीची रीतच पडली होती. बाबाही तेच करत. मग एकदा कुणीतरी ती दुसरी फाइल बदलली, आठ नंबर खरोखरच आत शिरला, आणि ओरडायला कोणी उरलं नव्हतं.

ओवीनंही तीच ओळ लिहायला घेतली आणि तिला रडू आलं. आत्यानं तिला रडू दिलं.

"तोंड बंद करू नकोस त्याचं," मग ती हळूच म्हणाली. "तुला जे ठाऊक आहे, ते त्याला सांग."

ओवीनं डोळे पुसून लिहिलं, नंबर शून्य ते सातमधला नसेल, तर कप्प्याला हात न लावता मागे फीर आणि घंटा वाजव. कंपायलर आपणहून गप्प झाला. आता कुणी काहीही बदललं, तरी आठ नंबर दारातच अडणार होता.

"बाबांना हे कुणीच सांगितलं नाही?"

आत्यानं तिला जवळ घेतलं. तिचाही तो दादाच होता.

पंप सुरू झाला. वाफ्यांतली वाळकी पानं हलली. ओवीनं बाबांचा जुना प्रोग्रॅम उघडला, तर त्यात त्यांनी गप्प केलेले इशारे जागोजागी होते. त्यातल्या पहिल्याचं तोंड तिनं मोकळं केलं आणि तो काय म्हणतोय ते वाचायला बसली.