गाळणी कुणी अडवली?

ऋजुताला एक कोडं सुटत नव्हतं. बाबांनी बनवलेली हवेची गाळणी बाजारातल्या गाळणीपेक्षा दुप्पट टिकायची, शिवाय स्वस्तही होती. तरी चंद्रावरच्या 'सह्य' वसाहतीतलं एकही दुकान ती ठेवायला तयार नव्हतं. बाबा आता कार्यशाळा बंद करायच्या गोष्टी करू लागले होते.

शेवटी तिने दुकानदार घाटपांडेकाकांनाच गाठलं. ते हळूच म्हणाले, "बाजारातल्या गाळण्याही 'श्वासिका' कंपनीच्या आणि प्राणवायूच्या टाक्याही. बाबांची गाळणी ठेवली तर ती मला टाक्या देणार नाही. मग मी विकू काय?"

ऋजुता तडक नलूमावशीकडे गेली. मावशी वसाहतींच्या व्यापाराचा अभ्यास करायची.

"याला मक्तेदारीचा गैरवापर म्हणतात," मावशी म्हणाली. (मक्तेदारी म्हणजे बाजार एकाच विक्रेत्याच्या हाती असणं.) "कंपनी मोठी झाली, त्यात काही गैर नाही. पण ती दुसऱ्यांना बाजारात येऊच देत नाहीये. असंच चाललं तर भाव वाढत जातील आणि गाळणी मात्र आहे तशीच राहील."

"पृथ्वीवर असं झालं नाही कधी?"

"झालं की! म्हणून तर देशोदेशी स्पर्धा कायदे (बाजार सर्वांना खुला ठेवणारे नियम) आले. कुठे बड्या कंपन्यांनी संगनमताने, म्हणजे आपसात गुपचूप ठरवून भाव वाढवले आणि लोक चिडले. कुठे सरकारी कारखाने खासगी झाले, तेव्हा नियमांची गरज भासली. काही देशांना तर व्यापार करार करताना असा कायदा करण्याची अटच होती."

"मग आपल्याकडे असा कायदा का नाही?"

"कुणी मागितलाच नाही."

ऋजुताने मागितला. वसाहतीच्या सभेत उभी राहून ती खणखणीत आवाजात बोलली. तिचं बोलणं संपलं. मग घाटपांडेकाका उठले. "ती म्हणते ते खरं आहे. धमकी मलाच आली होती." त्यांच्या मागोमाग आणखी चार दुकानदार उठले.

कायदा झाला. दुकानांत दोन्ही गाळण्या दिसू लागल्या. वर्षभरात 'श्वासिका'ने आपल्या जुन्या गाळणीपेक्षा तिप्पट टिकणारी गाळणी काढली आणि बाबा डोकं खाजवत पुन्हा कामाला लागले.

पुढे मंगळावरच्या नव्या वसाहतीने त्या कायद्याची प्रत मागवली. सोबतची चिठ्ठी ऋजुताने लिहिली: "हा आमच्या अडचणीतून झालेला कायदा आहे. तुमची अडचण वेगळी असेल, तर हवा तसा बदलून घ्या."